परत केलेली तीस नाणी

जेरुसलेमच्या मंदिरातल्या मुख्य याजकांपुढे एका सकाळी हिशेबाचा पेच उभा राहिला. ज्याला त्यांनी चांदीची तीस नाणी मोजून दिली होती, तोच माणूस ती घेऊन परत आला होता. निरपराध माणसाला धरून देऊन आपण पाप केले, असे तो सांगत होता. याजकांच्या उत्तराचा आशय एवढाच होता, की आम्हाला त्याचे काय, तुझे तू बघ. त्याने नाणी मंदिरात फेकली आणि बाहेर जाऊन गळफास घेतला. मग याजकांनी नाणी गोळा केली. रक्ताच्या मोलाचा पैसा खजिन्यात टाकणे शास्त्राला धरून नव्हते, म्हणून त्यांनी विचारविनिमय केला, त्या पैशातून कुंभाराचे शेत घेतले आणि ते परक्या लोकांना पुरण्यासाठी राखून ठेवले. मत्तयाच्या शुभवर्तमानात सत्ताविसाव्या अध्यायातल्या आठ वचनांत ही हकीकत संपते.

याजकांचा काटेकोरपणा पाहण्यासारखा आहे. पैसे देताना त्यांना एकही नियम आडवा आला नव्हता. ते परत येऊ लागले तेव्हा शास्त्र आठवले. आकडाही मामुली नाही. दुसऱ्याच्या बैलाने शिंग मारून गुलाम मेला, तर गुलामाच्या मालकाला तीस शेकेल चांदी भरून द्यावी, असा दर मोशेच्या नियमशास्त्रात ठरलेला आहे. मत्तयाचे पहिले वाचक यहूदी परंपरेतले होते, त्यांना हा दर माहीत असणार.

मराठी मुलखात सूर्याजी पिसाळ म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. इतिहासाचे अभ्यासक त्या माणसाबद्दल काहीही वाद घालोत, नाव मात्र कायमचे डागाळले. ख्रिस्ती जगात यहूदा इस्कर्योताचे तेच झाले. चुंबन घेऊन त्याने गुरूला ओळखवून दिले, हे लहान मुलालाही ठाऊक असते. त्याने पैसे परत केले होते, हे सांगितल्यावर मात्र मोठी माणसेही चमकतात. मत्तयाची हकीकत नीट वाचली, तर आणखी एक गोष्ट दिसते. येशूला पकडल्यानंतर तो निर्दोष आहे असे अधिकाऱ्यांच्या तोंडावर सांगणारा बारा शिष्यांपैकी हा एकटाच. बाकीचे पळाले होते.

त्यांतला एक मात्र फार लांब गेला नाही, तो पेत्र. तो लांबून मागोमाग गेला आणि प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात जाऊन बसला. तिथे दासीने ओळखल्यावर त्याने कानांवर हात ठेवले, एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळी त्याची बोलीच घात करून गेली: तू गालीलचा दिसतोस, बोलण्यावरून कळते, असे जमलेल्यांनी म्हटले. झाडीबोली बोलणाऱ्या माणसाला पुण्यामुंबईत दोन वाक्यांत कसे ओळखतात, हे भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकरांना वेगळे सांगायला नको. राजधानीत खेड्यातल्या बोलीची भीती वाटावी, अशी ती रात्र होती. पेत्राने शपथा घेतल्या, त्या माणसाला ओळखतच नाही म्हणाला, आणि कोंबडा आरवला. लूक सांगतो, की त्याच क्षणी येशूने वळून त्याच्याकडे पाहिले. पेत्र बाहेर जाऊन रडला.

म्हणजे एकाच रात्रीत दोन शिष्यांनी दगा दिला आणि दोघांनाही पश्चात्ताप झाला. एकाला पुढे रोमच्या चर्चचा आधारस्तंभ मानले गेले, दुसऱ्याचे नाव शिवी झाले. फरक कुठे पडला? एकाने पैसे घेतले, दुसरा भ्याला, असे एक उत्तर देता येते, आणि त्यात तथ्य नाही असेही नाही. पण पश्चात्तापाच्या खरेपणाचे माप लावायचे, तर यहूदाचे पारडे हलके ठरत नाही. त्याने चूक बोलून दाखवली, ज्यांच्यासाठी ती केली त्यांच्यापुढेच दाखवली, मिळकत टाकून दिली. चर्चच्या शिकवणुकीत पापकबुलीची जी अंगे सांगितली जातात, म्हणजे मनापासून खंत, तोंडाने कबुली आणि नुकसानाची भरपाई, ती तिन्ही या माणसाने त्या सकाळी उरकली होती. फक्त त्याने ती ज्यांच्या दारात नेली, ते दार ज्यांनी त्याला विकत घेतले त्यांचे होते. ज्याला धरून दिले त्याच्यापर्यंत तो पोहोचू शकला नाही, आणि ज्यांच्याबरोबर तीन वर्षे जेवला, हिंडला, त्यांच्याकडे गेला नाही. पेत्र त्यांच्याकडेच परतला. येशूच्या क्रुसावरच्या मरणानंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे शुभवर्तमानांनुसार येशू पुन्हा उठला त्या रविवारी, पेत्र इतर शिष्यांबरोबर होता. त्याला कुणी हाकलले नाही, हे शुभवर्तमानांत कुठेही ठळक करून सांगितलेले नाही, पण क्षमेची खरी सुरुवात तिथे आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय या दृष्टीने वाचावा. शिष्य रात्रभर मासे धरायला जातात, हाती काही लागत नाही. पहाटे तळ्याच्या किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासे आणि भाकर. नवा करार वाचणाऱ्याला आठवते, की याजकाच्या अंगणातही कोळशाचाच विस्तव होता आणि पेत्र त्यावर शेकत बसला होता. न्याहारी झाल्यावर येशू त्याला विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तीनदा विचारतो. त्या रात्रीचा उल्लेख एकदाही नाही. पेत्र तिसऱ्या वेळी दुखावतो. पण प्रत्येक उत्तरानंतर त्याच्यावर काम सोपवले जाते: माझी मेंढरे सांभाळ. ज्याने ओळख नाकारली त्याच्या हाती कळप. कुठल्याही सहकारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मंजूर झाला नसता.

आणि भोजनाच्या रात्रीचे तपशील याहून अवघड आहेत. योहानाच्या वर्णनात येशू सगळ्या शिष्यांचे पाय धुतो, आणि यहूदा त्यानंतर बाहेर पडतो. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. लूकच्या सांगण्यात भाकर आणि प्याला वाटून झाल्यावर येशू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात याच मेजावर आहे. ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी जे प्रभुभोजन आहे, त्याच्या पहिल्याच पंक्तीत दगा देणारा बसलेला होता, आणि यजमानाला ते माहीत होते.

यहूदाचे काय करायचे, हे चर्चला नंतरची दोन हजार वर्षे नीट उमगलेले नाही. मत्तयाच्या मते तो पश्चात्ताप करून फास घेतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पश्चात्ताप नाहीच. त्या पैशातून तो स्वतःच शेत घेतो आणि तिथे पालथा पडून मरतो. एका माणसाच्या मृत्यूच्या दोन हकीकती एकाच नव्या करारात आहेत, आणि त्यांचा मेळ घालण्यासाठी टीकाकारांनी बरीच शाई खर्च केली. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने निकाल दिला, की फास घेऊन यहूदाने प्रायश्चित्त घेतले नाही, उलट देवाच्या दयेवरचा भरवसा सोडून गुन्ह्यात भर घातली. दांतेने चौदाव्या शतकात त्याला नरकाच्या अगदी तळाशी, सैतानाच्या जबड्यात टाकले. मध्ययुगात यहूदाचे नाव संपूर्ण यहूदी समाजावर चिकटवले गेले आणि युरोपात त्या नावाखाली माणसे मारली गेली. हा ख्रिस्ती इतिहासातला मोठा अपराध आहे, आणि क्षमेवरच्या व्याख्यानात तो मधल्या ओळींत झाकून ठेवणे बरे दिसणार नाही.

याच काळात फ्रान्समधल्या व्हेझले गावच्या चर्चमध्ये कुणा अनाम पाथरवटाने खांबाच्या माथ्यावर एक शिल्प कोरले. एका बाजूला यहूदा लटकलेला आहे, दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचे प्रेत खांद्यावर घेऊन निघाला आहे. तो माणूस म्हणजे हरवलेले मेंढरू खांद्यावर घेणारा मेंढपाळ, अर्थात येशू, असे अनेकांना वाटते. पोप फ्रान्सिस यांना या शिल्पाचे विशेष वाटे. कॅथलिक चर्चने हजारो संतांची नावे जाहीर केली आहेत, पण अमुक माणूस नरकात आहे असे अधिकृतपणे कुणाविषयीही सांगितलेले नाही, यहूदाविषयीही नाही.

सिद्धांत एवढ्यावर सोडून दगा, पश्चात्ताप आणि क्षमा प्रत्यक्ष व्यवहारात कशी चालली, तिकडे वळावे. भंडारा जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती अगदी थोडी, आणि चुलबंद-वैनगंगेच्या काठावरच्या श्रोत्याला दुसऱ्याच्या धर्मातले बारकावे ऐकून काय करायचे, असा प्रश्न पडू शकतो. पण सरकारी दाखला हा विषय लाखांदूरच्या तहसील कचेरीपुढे ताटकळलेल्या कुणालाही परका वाटणार नाही.

इ. स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियसने फर्मान काढले, की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा आणि तसे केल्याचा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळिसाहून अधिक दाखले सापडले आहेत. नाव, गाव, काहींत वय आणि चेहऱ्यावरचा व्रण, मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे असे निवेदन, मग अधिकाऱ्यांच्या सह्या आणि तारीख. हजारो ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी दिला. काहींनी बळी न देता चिरीमिरी देऊन नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे लोक परत चर्चच्या दाराशी आले, आणि ज्यांचे नातलग तुरुंगात मेले होते त्यांच्या शेजारी बसायला जागा मागू लागले.

कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्यापुढचा पेच याजकांपेक्षा अवघड होता, कारण तो स्वतः त्या काळात लपून राहिला होता. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा विद्वान म्हणाला, यांना मरेपर्यंत दार बंद. दुसरीकडे तुरुंगवास भोगलेली मंडळी श्रद्धेतून ढळलेल्यांना शिफारसपत्रे वाटू लागली, आणि ती हातात घेऊन लोक लगेच आत घ्या म्हणून हट्ट धरू लागले. सिप्रियनला दोन्ही मान्य नव्हते. २५१ मध्ये कार्थेजला बिशपांची परिषद भरली. नुसता कागद घेणाऱ्यांना चौकशी करून आत घ्यायचे; बळी देणाऱ्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करायचे, आणि मरणाच्या दारी असतील तर त्यांना अडवायचे नाही. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसताच प्रायश्चित्त करणाऱ्या सगळ्यांना परत घेतले गेले, कारण पुढच्या लढाईला माणसे एकाकी पाठवायची नव्हती. सिप्रियनने स्वतः २५८ मध्ये मान दिली. क्षमा ही मनातली भावना म्हणून सोडून न देता तिचा कार्यक्रम आखायचा, ही ख्रिस्ती रीत इथे रुजली. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये आजही उपवासकाळात कुमसार, म्हणजे पापकबुली, करायला रांग लागते, तिची मुळे या भानगडीत आहेत.

मराठीशी या विषयाचा संबंध जुळतो तो रक्ताच्या वाटेने. गोव्यात साष्टी प्रांतातली देवळे पोर्तुगीजांनी १५६७ मध्ये पाडली. कुंकळ्ळीचे गावकर त्यानंतरही वाकले नाहीत, त्यांनी कर थकवला, देवळे पुन्हा उभी केली, आणि त्यांच्यावर वारंवार स्वाऱ्या झाल्या. जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट धर्मगुरू चर्चसाठी जागा पाहायला कुंकळ्ळीत गेले. त्यांचा प्रमुख रुदोल्फो अक्वाविवा काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतला होता. त्यांच्यातल्या काहींचा आधीच्या देऊळ मोडण्याशी संबंध होता. गावकऱ्यांनी पाचांनाही मारले, सोबतचे काही स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले.

पुढे जे घडले ते निव्वळ दग्याचे आहे. असोळण्याच्या किल्ल्यावरच्या पोर्तुगीज कप्तानाने कुंकळ्ळीच्या नायकांना बोलणी करण्याचे आमंत्रण दिले. सोळा जण विश्वासाने गेले. आत गेल्यावर त्यांतल्या पंधरा जणांना ठार करण्यात आले. एकाने नदीत उडी मारली आणि पोहून कारवारच्या बाजूला निसटला. गावांच्या जमिनी जप्त झाल्या. शांतादुर्गेची मूर्ती फातर्प्याला हलवलेली होती, ती तिथेच राहिली.

या सगळ्याच्या जवळ उभा असलेला एक माणूस मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट. मारल्या गेलेल्या पाचांचे देह मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामात तो होता. तेहतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, त्याचे ख्रिस्तपुराण रायतूरला छापून निघाले. जवळपास अकरा हजार ओव्या, साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांसाठी, मराठीत आणि पुराणाच्या घाटात. यहूदाने गुरूला कसे धरून दिले, ही कथाही त्यात आली. ती ज्यांनी ऐकली, त्यांच्या बापांच्या पिढीने असोळण्याचे आमंत्रण पाहिले होते. आमंत्रण देऊन केलेला दगा म्हणजे काय, हे त्यांना पुराणातून शिकायची गरज नव्हती.

चर्चने पाच धर्मगुरूंना १८९३ मध्ये धन्य घोषित केले. मारल्या गेलेल्या नायकांची आठवण मात्र कित्येक शतके गावाच्या बोलण्यातच राहिली. त्यांचे स्मारक कुंकळ्ळीत अगदी अलीकडे उभे राहिले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या जुलमाबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. प्रार्थना सर्वसाधारण शब्दांत होत्या. देवाकडे मागितलेली क्षमा आणि असोळण्याच्या वंशजांकडे मागायची क्षमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र पर्वतावरच्या प्रवचनातच सांगितलेले आहे: वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. इकडे कुंकळ्ळीत दरवर्षी फाल्गुनात शांतादुर्गा फातर्प्याहून छत्र्यांच्या मिरवणुकीने गावी येते. बारा वांगडांच्या, म्हणजे गावकर कुळांच्या, बारा छत्र्या, आणि त्या वांगडांतले हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही त्यात सामील होतात. माफी कुणी मागितली नाही, तरी एकमेकांचे नाते कुणी नाकारत नाही. याला क्षमा म्हणावे की शहाणपण, यावर मतभेद होऊ शकतात.

मध्य प्रदेशातले एक प्रकरण याच्या उलट आहे. सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आदिवासींमध्ये काम करत. सावकारी आणि जमिनीच्या प्रश्नावर लोकांना एकत्र आणणे काहींना खुपत होते. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या इंदूरकडे बसने निघाल्या असता समुंदर सिंग नावाच्या तरुणाने भर बसमध्ये त्यांना सुऱ्याने भोसकून मारले. त्याला दुसऱ्यांनी भरीला घातले होते. जन्मठेप झाली. तुरुंगात त्याला सूडाने ग्रासले, ज्यांनी चिथावले त्यांना सुटल्यावर मारायचे असे त्याने ठरवले होते. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला भेटत राहिले. आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली.

दिवाळीनंतर धान घरात आले की वडसा-देसाईगंजच्या कंपन्या झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटके करतात, आणि खलनायक शेवटच्या अंकात पायांवर कोसळला की मांडवातून हुंदके येतात. समुंदर सिंगची गोष्ट तशी सांगण्याचा मोह होतो, पण ती तशी घडली नाही. खून आणि राखी यांमध्ये सात वर्षे गेली. नंतरही त्याची सुटका व्हावी म्हणून राणी मारियांच्या कुटुंबानेच अर्जावर सह्या केल्या, आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. मग तो केरळला जाऊन राणी मारियांच्या आईला भेटला; ज्या हातांनी लेकीचा जीव घेतला ते हात आईने हाती घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित केले, त्या सोहळ्याला तो हजर होता. मंदिरात परत आलेली नाणी घ्यायला कुणी नव्हते. इथे घेणारे स्वतः तुरुंगापर्यंत चालत गेले.

क्षमा केली म्हणजे कायदा गुंडाळून ठेवायचा का? ओडिशात मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले गाडीत जिवंत जाळली गेली. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले, आणि खटला मागे घ्या असे मात्र म्हटले नाही. क्षमा आपली आणि शिक्षा न्यायालयाची, असा त्यांचा सूर होता. त्या बारीपाद्याला राहिल्या आणि कुष्ठरोग्यांचे काम चालू ठेवले.

भंडारा जिल्ह्यात क्षमेवर बोलताना खैरलांजी टाळता येत नाही. मोहाडी तालुक्यातल्या त्या गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावातल्याच माणसांनी मारले. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवून सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी ठरवली. हा जातीपोटी झालेला अत्याचार होता, हे न्यायालयात सिद्ध झाल्याचे मानले गेले नाही. एकटे वाचलेले भय्यालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले, तोपर्यंत ते न्यायच मागत होते. अशा माणसाला कुणी क्षमेचा उपदेश करावा, हे धर्माच्या नावाखाली केलेले दांडगाईचे काम ठरेल. लूकच्या सतराव्या अध्यायात क्रम स्वच्छ आहे: भावाने अपराध केला तर त्याला बोल, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. आधी अपराधाला त्याच्या नावाने हाक मारावी लागते. बौद्ध श्रोत्यांना अंगुलिमालाची कथा आठवेल. बुद्धाने त्याला संघात घेतले, पण भिक्षेला गेल्यावर लोकांनी त्याला दगड मारले, डोके फुटले, आणि बुद्धाने त्याला सांगितले की हे सोसले पाहिजे. संघाचे दार उघडले म्हणून गावकऱ्यांनी विसरावे, असे बुद्ध म्हणाला नाही.

खुनाची उदाहरणे मोठी, म्हणून ती सांगितली जातात. बहुतेकांच्या वाट्याला येणारा दगा घरातला असतो, आणि त्याची मराठीतली सर्वात बोलकी हकीकत या जिल्ह्यातून जाणाऱ्या रेल्वेवर सुरू झाली. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. त्या मार्गावरची गाडी आजही भंडारा रोड, तुमसर, गोंदिया करत जाते. डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. चित्पावन घरातली बाई, पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत आहे आणि तरी नाही, अशी अवस्था. टिळकांच्या बाजूने पाहिले तर ते सत्याच्या शोधात गेले होते. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले तर आयुष्यातला सर्वात मोठा निर्णय त्यांना बाजूला ठेवून घेतला गेला होता. ख्रिस्ती चरित्रकार पहिली बाजू सांगतात, त्यांना दुसरी अडचणीची वाटते. तिला विश्वासघात म्हणायला कचरू नये; स्वतः टिळकांनाही ती वर्षे सोपी गेली नाहीत.

जवळजवळ पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे, त्यांतला बराच काळ पंढरपुरात. मग त्या नगरला टिळकांकडे आल्या, पण आल्या त्या आपले सोवळे घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवऱ्याशी संसार मांडला, त्याच्या हातचे मात्र खायचे नाही. पेत्राच्या आयुष्यातला एक कमी सांगितला जाणारा प्रसंग इथे मांडण्यासारखा आहे. अंत्युखियात तो आधी यहूदी नसलेल्यांबरोबर जेवत असे; जेरुसलेमहून कडक मंडळी आली तशी त्याने पंगत बदलली, आणि प्रेषित पौलाने त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतले. तळ्याकाठी क्षमा मिळालेला माणूस पुन्हा भ्याला होता, आणि या वेळीही प्रश्न कुणाबरोबर बसायचे हाच होता. लक्ष्मीबाईंना कुणी फैलावर घेतले नाही. त्यांच्या मनाने स्वतःच हळूहळू घेतले, की जातीचे भेद माणसांनी केलेले आहेत. ज्या दिवशी ते पटले त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या हातचे खाऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली, राहुरीला.

लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र स्मृतिचित्रे १९३४ पासून भागाभागाने निघाले. त्यात टिळकांचा तापट स्वभाव आहे, पैशाची उधळपट्टी आहे, भांडणे आहेत, आणि सगळ्यावर लक्ष्मीबाईंचे हसू आहे. ज्याला क्षमेचे पान हवे त्याने बोट कुठे ठेवावे, हे ठरत नाही. ते वेगळ्या चुलीत आहे, चूल एक झाली त्यात आहे, आणि टिळकांना हसण्यातही आहे. यहूदाकडे पाच वर्षे नव्हती, हा विचार अशा वेळी मनात आल्यावाचून राहत नाही. याजकांनी नुसते दोन दिवस थांबायला सांगितले असते, तर तो रविवारपर्यंत जगला असता.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. येशूच्या जीवनावरचे ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी १९०९ मध्ये हाती घेतले होते आणि त्याचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले. उरलेले चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांचे शिक्षण कुठल्याही शाळेत झालेले नव्हते. तो दगा, तो अंगणातला विस्तव आणि ती तळ्याकाठची न्याहारी ओवीबद्ध करण्याचे काम त्यामुळे त्यांच्याकडे आले. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये वारल्या. ग्रंथ त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी, १९३८ मध्ये प्रसिद्ध केला.